हुकूम आधी, खुलासा मागून!

परदेशी जाणारे विमान गाठण्याची घाई ही काही नवी गोष्ट नव्हे. वाटेत मोटार अडते, सामानाचे वजन मर्यादेबाहेर भरते, पारपत्र कोणत्या पिशवीत ठेवले ते ऐन वेळी आठवत नाही, आणि निरोप द्यायला आलेल्या आप्तेष्टांचा जीव टांगणीला लागतो. अशा घाईला प्रवासी स्वतःच जबाबदार असतो आणि विमान चुकले तर दोष द्यायला त्याला दुसरे कोणी सापडत नाही. परंतु २० सप्टेंबर २०२५ च्या शनिवारी अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आणि सुटीवर मायदेशी आलेल्या भारतीयांची विमानतळांकडे जी धावपळ उडाली, ती ह्या जातीची नव्हती. त्या दिवशी धावणाऱ्यांपैकी कोणालाही उशीर झालेला नव्हता. त्यांच्याजवळ परतीची रीतसर तिकिटे होती. कोणाची पुढच्या आठवड्याची, तर कोणाची पुढच्या पंधरवड्याची. वेळ त्यांनी चुकविली नव्हती. सातासमुद्रांपलीकडून कोणीतरी घड्याळाचे काटेच पुढे सरकविले होते!

घडले ते असे. शुक्रवार, १९ सप्टेंबर रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका जाहीरनाम्यावर सही केली. ‘एच-१बी’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिसावर परदेशी कुशल कर्मचाऱ्याला अमेरिकेत आणावयाचे असल्यास त्याच्या मालकाने एक लाख डॉलर भरले पाहिजेत, असे त्यात फर्माविले होते. त्या वेळच्या दराने ही रक्कम अठ्ठ्याऐंशी लाख रुपयांच्या आसपास जाते. हा व्हिसा १९९० च्या कायद्याने अस्तित्वात आला. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकेतच उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा आहेत. मंजूर होणाऱ्या अर्जांत भारतीयांचा वाटा सुमारे ७१ टक्के असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झालेले सरकारी आकडे सांगतात. तेव्हा हुकमात कोणत्याही देशाचे नाव नसले, तरी त्याचा रोख कोणाच्या दारावर होता हे सांगण्यास ज्योतिषी नको. पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे, डोंबिवली येथे अशी आळी क्वचितच असेल, की जिच्यातील एखाद्या घरचा मुलगा किंवा सून ह्या व्हिसावर तिकडे नांदत नाही.

ह्या हुकमाचा अंमल रविवारी, २१ सप्टेंबरला, वॉशिंग्टनच्या वेळेनुसार मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने सुरू व्हावयाचा होता. आपल्या घड्याळात ही वेळ रविवार सकाळची साडेनऊची होते. म्हणजे सही आणि अंमल यांच्यात दीड दिवसाचेही अंतर नव्हते! जाहीरनाम्यावर सही झाली तेव्हा येथे शनिवारची उत्तररात्र होती. सकाळी उठून ज्याने बातमी वाचली, त्याच्या हाती काय उरले, ह्याचा हिशेब वाचकांनीच करून पाहावा. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जायचे तरी पंधरा-सोळा तास लागतात. विमान उडण्यापूर्वी तीन तास तरी विमानतळावर हजर व्हावे लागते. उतरल्यावर तेथील अधिकाऱ्यासमोर रांग लावून प्रवेशाचा शिक्का मिळवावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत मनुष्य अमेरिकेत पोहोचला असे कायदा मानीत नाही. पुण्याच्या माणसाला त्याआधी मुंबई गाठावयाची. ह्या सर्वांची वजाबाकी केली तर त्याच्या वाट्याला अवघे एक-दोन तास येतात. कोल्हापूर किंवा अमरावतीच्या माणसाला तर तेवढेही नाहीत. सकाळचा चहा निवण्यापूर्वीच त्याची मुदत संपलेली होती.

बरे, ही माणसे आली होती कशासाठी? कोणी गणपतीला आले होते आणि आईवडिलांच्या आग्रहास्तव चार दिवस अधिक राहिले होते. कोणी आजारी बापाच्या उशाशी बसण्यासाठी आले होते. रविवारीच सर्वपित्री अमावास्या होती आणि सोमवारी घटस्थापना. अशा वेळी मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन यांसारख्या बड्या कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना सूचना धाडल्या, की बाहेर असाल तर मुदतीपूर्वी परत या, आणि आत असाल तर बाहेर पडू नका. कंपन्यांना तरी दोष कसा द्यावा? हुकमाचा अर्थ त्यांच्या कायदेपंडितांनाही नीट लागत नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर दुबईकडे निघालेल्या एका विमानातून काही प्रवासी उड्डाणापूर्वीच खाली उतरले. गेलो तर परत येता येणार नाही, ह्या भयाने त्यांनी मायदेशाची वाट सोडून दिली. इकडे तिकिटांचे दर पाहता पाहता दुपटीच्या घरात गेले. भारतीयांना परतता येऊ नये म्हणून विमानातील जागा खोट्या नोंदणीने अडवून ठेवण्याचा विकृत खेळही काही द्वेष्ट्यांनी त्या रात्री मांडला होता. मुदत जेव्हा तासांवर येते, तेव्हा दुष्टाव्यालाही संधी सापडते ती अशी.

आणि एवढा आकांत झाल्यावर खुलासा आला! अमेरिकेचे व्यापारमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी सहीच्या वेळी ही रक्कम दरसालची असल्यासारखी भाषा केली होती. शनिवारी व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या कॅरोलिन लेव्हिट यांनी सांगितले, की ही रक्कम वार्षिक नसून एकदाच द्यावयाची आहे, ती फक्त नव्या अर्जांना लागू आहे, आणि ज्यांच्याजवळ आधीच व्हिसा आहे, मग ते सध्या अमेरिकेबाहेर का असेनात, त्यांना ती द्यावी लागणार नाही. म्हणजे ज्यांनी जीव मुठीत धरून विमानतळ गाठला, त्यांना धावण्याचे काही कारणच नव्हते. पण हा खुलासा झाला तेव्हा त्यांची विमाने समुद्रावर होती, दुप्पट पैसे देऊन झाले होते, आणि पितरांचे पान न वाढताच निघालेल्या मुलांच्या आया रिकाम्या खोलीची दारे लावून घेत होत्या. त्या खर्चाची भरपाई कोणी करावयाची, हा प्रश्न कोणत्याही खुलाशात नव्हता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशात कोणाला येऊ द्यावे आणि कोणाला न द्यावे, हे ठरविण्याचा अमेरिकेचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. ह्या व्हिसाचा काही कंत्राटदार कंपन्यांनी स्वस्त मजुरीसाठी उपयोग केला आणि त्यामुळे तेथील कामगारांत असंतोष माजला, हा आक्षेपही सर्वस्वी निराधार नाही. शुल्क एक लाख डॉलर असावे की एक हजार, ह्याचा वाद तेथील काँग्रेसने आणि न्यायालयांनी करावा. डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका संघीय न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांचा हा अधिकार वैधही ठरविला. आमचा आक्षेप शुल्काच्या रकमेला नाही. ज्या माणसांनी त्या देशाचा एकही नियम मोडला नाही, ज्यांनी अर्ज भरले, ठसे दिले, कर भरले, त्यांनाच गुन्हेगारासारखे पळावयास लावणाऱ्या रीतीला आमचा आक्षेप आहे. कायदा मोडणारा मनुष्य त्या रात्री शांत झोपला असेल. धावला तो कायदा पाळणारा!

ही रीत अपघाताने पडलेली नाही. २७ जानेवारी २०१७ रोजी, तोही शुक्रवारच होता, ह्याच राष्ट्राध्यक्षांनी सात मुस्लिमबहुल देशांतील लोकांना प्रवेशबंदी करणारा आदेश काढला आणि तो तत्काळ अमलात आला. जे प्रवासी विमानात बसले तेव्हा प्रवेशास पात्र होते, ते उतरले तेव्हा अपात्र ठरले. अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना हा आदेश लागू आहे की नाही, ह्याचा उलगडा व्हावयास काही दिवस जावे लागले. पुढे ११ मार्च २०२० च्या रात्री महासाथीच्या निमित्ताने युरोपातून येणाऱ्यांवर बंदी घोषित झाली. अमेरिकन नागरिकांना ती लागू नव्हती. परंतु भाषणाच्या ओघात हे नीट सांगितले गेले नाही, आणि पॅरिसच्या विमानतळावर खुद्द अमेरिकन नागरिकच हजारो डॉलर मोजून मिळेल ते विमान पकडू लागले. त्यानंतरच्या शनिवारी शिकागोच्या विमानतळावर तपासणीसाठी तासन् तास खेटून उभी राहिलेली गर्दी जगाने पाहिली. ज्या रोगापासून दूर राहावयाचे, त्याच रोगाला त्या हुकमाने मेळा भरवून दिला. २०१७, २०२० आणि २०२५ ह्या तिन्ही वेळी क्रम एकच होता : हुकूम आधी, धावपळ नंतर, आणि खुलासा सर्वांच्या मागून.

अशी धावपळ भारतीय वंशाच्या लोकांनी पूर्वीही केलेली आहे. १९६८ च्या फेब्रुवारीत केनियातील आशियाई लोक ब्रिटिश पारपत्रे हाती घेऊन नैरोबीच्या विमानतळावर लोटले होते. ब्रिटनमध्ये त्यांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा येऊ घातला होता आणि त्यापूर्वी लंडनला पोहोचणे त्यांना भाग होते. विल्सन सरकारने तो कायदा अवघ्या तीन दिवसांत संसदेतून पार पाडला आणि १ मार्च १९६८ रोजी त्यास राजसंमती मिळाली. ब्रिटनच्या इतिहासात तो प्रसंग लांच्छनास्पद मानला जातो. युरोपीय मानवी हक्क आयोगानेही १९७३ साली त्या वर्तनावर वांशिक भेदभावाचा ठपका ठेवला. पण त्या लांच्छनास्पद प्रकरणातही संसद भरली होती, विरोधी भाषणे झाली होती, आणि कायदा येतो आहे ही कुणकुण प्रवाशांना आधी लागली होती. १९७२ साली युगांडातून आशियाई लोकांना हाकलून देणाऱ्या इदी अमीनने तर त्यांना नव्वद दिवस दिले होते! अमीनची तुलना लोकशाही राष्ट्राच्या अध्यक्षाशी करण्याचा आमचा हेतू नाही. त्याचे क्रौर्य वेगळ्याच कोटीतले होते. परंतु लोकशाहीचा हुकूमनामा मुदतीच्या बाबतीत हुकूमशहाच्या फर्मानापेक्षा कृपण निघावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

कायदा आणि लहर यांत फरक कोणता? कायदा आधी माहीत असतो आणि माणसाला त्याप्रमाणे आपले वागणे बेतता येते. लहर आधी कळत नाही. हे तत्त्व अमेरिकेला ठाऊक नाही असे थोडेच आहे? तेथील १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यान्वये सरकारी खात्याने केलेला महत्त्वाचा नियम प्रसिद्ध झाल्यावर साधारणतः तीस दिवस अमलात येऊ शकत नाही. राष्ट्राध्यक्षांच्या जाहीरनाम्याला हे बंधन नाही, आणि नेमक्या ह्याच फटीतून हे सर्व हुकूम बाहेर पडतात. आपल्याकडेही हे तत्त्व पुरातन आहे. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूविषयक कायदा केवळ ठरावाने संमत केला, पण प्रसिद्ध केला नाही. त्या कायद्याखाली दोषी ठरलेल्या एका माणसाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा १९५१ साली न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. जो कायदा लोकांना कळूच दिला नाही, त्याखाली लोकांना शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, हा त्या निकालाचा आशय होता. पहाटे कळवून सकाळी लागू करणे हे न कळविण्याहून फारसे निराळे आहे काय?

येथपर्यंत वाचून आमचे बहुतेक वाचक मान डोलावतील. परंतु ह्यापुढे जे लिहावयाचे आहे, ते आपल्या स्वतःच्या घरासंबंधी आहे आणि ते लिहिल्यावाचून हा लेख पुरा होऊ शकत नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता आपल्या पंतप्रधानांनी पाचशे व हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून चलनातून बाद झाल्याचे सांगितले. मुदत चार तासांची. त्यानंतर नोटा बदलून देण्याची मर्यादा चार हजारांवरून साडेचार हजारांवर गेली आणि तेथून दोन हजारांवर आली. रांगेतल्या माणसाच्या बोटाला शाई लावण्यापर्यंत मजल गेली. तेथेही हुकूम आधी होता आणि खुलासे मागून येत होते. २४ मार्च २०२० च्या रात्री पुन्हा आठ वाजता एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली, आणि पुन्हा तोच मध्यरात्रीचा मुहूर्त. सव्वाशे कोटींहून अधिक लोकांच्या देशाला चार तास! ज्यांच्या घरात महिन्याचे धान्य होते, त्यांनी दारे लावून घेतली. ज्यांची मजुरी रोजची होती आणि घर हजार मैलांवर होते, ते रस्त्याने चालू लागले. १४ एप्रिलला गाड्या सुटणार अशा आशेने वांद्रे स्थानकाबाहेर जमलेला जमाव मुंबईने पाहिला. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे लोहमार्गावर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून पायी निघालेली ती माणसे मध्य प्रदेशातील आपल्या गावी पोहोचण्यासाठी गाडी मिळेल ह्या आशेने भुसावळची वाट चालत होती.

विमानतळावर धावणारा अभियंता आणि लोहमार्गावर झोपी गेलेला मजूर यांच्या दुःखाची तुलना होऊ शकत नाही. एकाचे पैसे गेले आणि रजा गेली. दुसऱ्याचा जीव गेला. परंतु दोघांवर आलेल्या प्रसंगाची जात एकच होती. दोघांनाही विचारले नव्हते, दोघांनाही वेळ दिला नव्हता, आणि हुकूम काढणाऱ्याने त्या दोघांचाही हिशेब सही करताना केला नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाला प्रथमच जाणवले, की पदवी, पगार आणि पारपत्र हे तिन्ही गाठीशी असूनही मनुष्य एका रात्रीत बोचके उचलणारा मजूर होऊ शकतो. ह्या जाणिवेतून काही शहाणपण निघाले तर ती धावपळ अगदीच व्यर्थ गेली असे म्हणता येणार नाही. मार्च २०२० मध्ये त्या चालणाऱ्या लोकांविषयी ‘जेथे आहेत तेथेच का थांबत नाहीत?’ असा प्रश्न आपल्यापैकी कितीकांनी दिवाणखान्यात बसून विचारला होता! त्याचे उत्तर शनिवारच्या त्या सकाळी प्रत्येकाला मिळाले. ज्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली जाते, तो थांबू शकत नाही.

काही हुकूम अचानकच काढावे लागतात, असे कोणी म्हणेल. आणि ते खरे आहे. युद्ध, साथ, चलनातील लबाडी ह्या बाबतींत आधी दवंडी पिटली तर हेतूच फसण्याचा संभव असतो. परंतु हा अपवाद आहे, आणि त्याची गरज सिद्ध करण्याचा भार हुकूम काढणाऱ्यावर असला पाहिजे. कर्मचाऱ्याच्या व्हिसावरील शुल्क तीस दिवसांनी वाढविले असते तर अमेरिकेवर कोणते आकाश कोसळणार होते? टाळेबंदीपूर्वी तीन दिवस गाड्या सोडून मजुरांना घरी पोहोचविले असते तर जी साथ त्यांच्या पायांबरोबर पुढे खेडोपाडी गेलीच, तिने ह्याहून अधिक काय केले असते? तातडी खरोखरच असेल, तरी हुकमाबरोबरच त्याचा अर्थ, अपवाद आणि बाधित माणसांची सोय सांगता येते. मागून येणारा खुलासा हा बहुधा घाईचा परिणाम नसतो. ज्यांना हुकूम लागू होणार, त्यांची आठवणच न झाल्याचा तो पुरावा असतो.

धडा शिकला गेला आहे, असेही दिसत नाही. सप्टेंबरच्या गोंधळाला तीन महिने होत नाहीत तोच, १५ डिसेंबर २०२५ पासून ह्याच व्हिसाधारकांच्या समाजमाध्यमांवरील लिखाणाची तपासणी सुरू झाली आणि भारतातील अमेरिकन वकिलातींनी डिसेंबरातील मुलाखती मार्च २०२६ आणि त्याही पुढे ढकलल्या. व्हिसाच्या नूतनीकरणासाठी ठरलेल्या तारखेस येथे आलेली माणसे येथेच अडकली. त्यांची घरे, नोकऱ्या आणि मुलांच्या शाळा तिकडे राहिल्या. सप्टेंबरात धावावे लागले, डिसेंबरात धावताही येईना!

मग ह्यावर करावयाचे काय? आमच्या परराष्ट्र मंत्रालयाने २० सप्टेंबरलाच कुटुंबांच्या होणाऱ्या ओढाताणीकडे लक्ष वेधले आणि वॉशिंग्टनच्या दूतावासाने साहाय्यासाठी दूरध्वनी क्रमांक जाहीर केला, हे योग्यच झाले. परंतु दूरध्वनी क्रमांक हे धोरण नव्हे. अमेरिकेशी व्यापाराच्या वाटाघाटी करताना आपण मालावरील जकातीचा पै-पैचा हिशेब मांडतो. त्याच मेजावर एक साधी मागणी ठेवता येईल : रीतसर व्हिसा घेऊन राहणाऱ्या माणसांवर परिणाम करणारा कोणताही बदल निश्चित मुदतीची पूर्वसूचना दिल्याखेरीज लागू होऊ नये, आणि बदल होईल त्या क्षणी प्रवासात असलेल्यांना जुनाच नियम लागू राहावा. ह्यात सवलत मागितलेली नाही, शुल्कमाफीही मागितलेली नाही. केवळ वेळ मागितला आहे.

परंतु दुसऱ्याच्या दारी ही मागणी करणाऱ्याचे स्वतःचे घर स्वच्छ असावे लागते. कायद्यांचे मसुदे किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावेत, असे धोरण भारत सरकारने २०१४ साली स्वीकारले होते. ते धोरणच राहिले. त्याचा कायदा झाला नाही. तो झाला पाहिजे. लोकांच्या हिंडण्याफिरण्यावर, रोजगारावर आणि गाठीच्या पैशावर परिणाम करणारा कोणताही सरकारी आदेश ठराविक मुदतीपूर्वी अमलात येऊ नये. तातडीचा अपवाद करावयाचा तर त्याची कारणे लेखी नोंदवून संसदेपुढे ठेवावीत. आणि आदेशाबरोबरच त्याचा खुलासा प्रसिद्ध व्हावा. हे बंधन दिल्लीवर असावे, तसेच मुंबईच्या मंत्रालयावर आणि रातोरात झोपड्यांवर नोटिसा चिकटविणाऱ्या नगरपालिकांवरही असावे. वॉशिंग्टनचे राष्ट्राध्यक्ष आमच्या मतांनी निवडून येत नाहीत. येथले राज्यकर्ते येतात, आणि म्हणून येथले उत्तर मागण्याचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही आमचीच आहेत.

मुदत ही राजाने प्रसन्न होऊन द्यावयाची बक्षिसी नव्हे. नागरिक आणि रयत यांच्यामधली सीमारेषाच ती आहे. नागरिकाला सांगून नियम बदलतात. रयतेला नियम बदलल्याचे पळताना कळते. सप्टेंबरच्या त्या शनिवारी आपल्या हजारो मुलामुलींना परक्या राज्याची रयत होण्याचा अनुभव आला. तो अनुभव विसरू नये, आणि आपल्या राज्यात तो कोणाच्याही वाट्याला येऊ देऊ नये.